बुडवेसाहेब

नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनी मला पळायला शिकवलं.

मी नुकतीच केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि डोंबिवलीच्या एमआयडीसीत, रंगांसाठी लागणारी रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्यात, लॅबमध्ये चिकटले होते. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मला वाटलं, प्रॉडक्शनचे साहेब आधी प्लँट दाखवतील. त्यांनी मला आवारात उभं केलं, शेडच्या छपरावर बांबूला बांधलेली कापडी पिशवी दाखवली आणि म्हणाले, "ही पिशवी जिकडे फुगते तिकडे वारा चाललाय. धूर दिसला, भोंगा झाला, की गेटकडे धावत सुटायचं नाही. आधी वर बघायचं. मग वाऱ्याला आडवं पळायचं. आणि ओरडायचं नाही. ओरडलं की श्वास घ्यावा लागतो. हं, पळ."

"आत्ता?"

"मग केव्हा? धूर झाल्यावर?"

ओढणी कमरेला खोचून मी पळाले. शेडच्या दारात उभे असलेले कामगार हसत होते. साहेब हसत नव्हते. हातातल्या घड्याळाकडे बघत होते. "एकवीस सेकंद," ते म्हणाले. "चपला बदल."

संध्याकाळी घरी आले तेव्हा आईने विचारलं, कसा गेला पहिला दिवस? मी म्हटलं, चांगला. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. कारखान्यात काय बनतं हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्याला भ्यायचं असतं, हे त्या दिवशी कळलं.

साहेब पन्नाशीचे असतील तेव्हा. काटक, डोक्यावर विरळ केस, शर्टाची वरची गुंडीही लावलेली. खिशात प्लास्टिकच्या पिशवीत एक ओला रुमाल असायचा, दर दोन तासांनी तो नळाखाली धरून पुन्हा भिजवायचे. टपरीवर चहा घेताना पाठ भिंतीला आणि तोंड रस्त्याकडे. बाळाराम म्हणून आमचा जुना ऑपरेटर होता, तिथल्याच मानपाड्याकडचा. त्याच्या मुलीच्या लग्नात अक्षता टाकायच्या आधी साहेब मांडवामागे जाऊन आचाऱ्याचे सिलिंडर बघून आले. घर त्यांनी ठाकुर्लीला घेतलं होतं. का, तर वर्षातले बहुतेक दिवस वारा तिकडून कारखान्याकडे वाहतो, उलटा नाही.

कामगार त्यांना पाठीमागे 'बुडवेसाहेब' म्हणत. त्याचं कारण सांगते.

आमचं मुख्य काम एका मोठ्या बंद भांड्यात चालायचं. आत एक द्रव असायचा, त्यावर आम्ल थेंबाथेंबाने सोडायचं. भांड्याच्या भोवती गार मिठाचं पाणी फिरत असे, कारण आतलं मिश्रण सारखं तापायचं. गार पाणी थांबलं, की तापमानाचा काटा चढायला लागायचा, आणि एका मर्यादेपलीकडे ते मिश्रण आपलं आपणच तापत सुटतं. मग त्याला कुणी थांबवू शकत नाही. म्हणून भांड्याखाली पाण्याने भरलेली एक टाकी होती. तळाचा व्हॉल्व्ह उघडला की सगळा माल टाकीत बुडायचा. माल फुकट, माणसं शाबूत. साहेबांनी नियम घालून दिला होता : काट्यावर पंचावन्न आले की बुडवायचं. विचारायचं नाही, बुडवायचं.

मी लागायच्या आदल्या वर्षी लाइट गेली, गार पाण्याचा पंप बंद पडला, जनरेटर काही सुरू होईना. पंचावन्नला साहेबांनी स्वतःच्या हाताने व्हॉल्व्ह उघडला. तांबूस धूर उठला, भोंगा वाजला, माणसं पळाली. कुणाला खरचटलंही नाही. आणि तीन मिनिटांनी जनरेटर सुरू झाला.

मालक गाडी काढून आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "तीन मिनिटं? तीन मिनिटं दम निघाला नाही तुम्हाला?"

तेव्हापासून ते नाव पडलं. साहेबांना ते माहीत होतं. एकदा मला म्हणाले, "मालकांचं गणित चुकतंय. तीन मिनिटांनी जनरेटर लागला हे मला तीन मिनिटांनी कळलं. व्हॉल्व्ह उघडला तेव्हा काय माहीत होतं, त्यावर बोला." पण हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. ते 'दम निघाला नाही' त्यांच्या आत कुठेतरी रुतून बसलं होतं.

आता त्यांच्या पटाबद्दल.

तरुणपणी ते पाच-सहा वर्षं आखातात एका कारखान्यावर होते. तिथे संध्याकाळी माणसं एक खेळ खेळत. लाकडी पट, दोन फासे, पंधरा-पंधरा सोंगट्या. आपल्या सोंगट्या सुखरूप घरी आणून पटाबाहेर काढायच्या. इंग्रजीत बॅकगॅमन. एकटी पडलेली सोंगटी समोरच्याने मारली की तिला पहिल्यापासून यावं लागतं. आपल्या सारीपाटाचा चुलतभाऊ म्हणा. साहेब त्या खेळाने पछाडलेले होते आणि तिथे नेहमी हरत. येताना पट घेऊन आले, पण डोंबिवलीत खेळणार कुणाशी? मग दुपारच्या सुट्टीत स्वतःच दोन्ही बाजूंनी खेळत.

कारखान्यात रिपोर्ट काढायला कॉम्प्युटर आला आणि तो माझ्या टेबलावर बसला, कारण ठाण्याला नौपाड्यात दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, जाऊन मी कोर्स केला होता. एक दिवस साहेब दोन फ्लॉप्या घेऊन आले. त्यांच्या अमेरिकेतल्या भाच्याने पाठवल्या होत्या.

"यात म्हणे हा खेळ आहे. खेळतोही आणि चुकाही काढतो. तुला लावता येईल?"

मी लावला. पहिल्याच दुपारी प्रोग्रामने त्यांना सलग पाच डाव हरवलं. पण हरण्याचं त्यांना काही नव्हतं. त्यांना वेड लागलं ते पुढच्या भागाचं. डाव संपला की प्रोग्राम एकेक चाल पुन्हा मांडायचा आणि सांगायचा, इथे तू हे केलंस, ते करायला हवं होतं, आणि तुझी चूक इतकी मोठी होती. शंका असेल तर तोच डाव त्या जागेपासून पुढे हजार वेळा स्वतःशी खेळून बघायचा आणि कुठल्या चालीने किती वेळा जिंकतो ते मांडायचा. आमचं मशीन एवढं मंद, की जेवणाच्या सुट्टीत हे लावलं की उत्तर चहाच्या वेळेला यायचं. तोपर्यंत माझे रिपोर्ट अडकलेले. साहेब दर अर्ध्या तासाने लॅबच्या दारातून डोकावायचे, "झालं?"

त्यांनी एक वही केली. चूक, तिचा आकडा, आणि पुढे कारण. दोनेक महिन्यांनी ती वही त्यांनी माझ्यासमोर ठेवली. पानामागून पान कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता. भीती. भीती. भीती.

"बघ," ते म्हणाले. "सोंगटी एकटी सोडायला घाबरलो. थांबायला हवं होतं तिथे पळालो. आणि हे सगळ्यात वाईट."

सगळ्यात वाईट म्हणजे असं : या खेळात समोरचा मधेच म्हणू शकतो, डाव दुप्पट. तुम्ही मानलं तर दुप्पट गुणांचा डाव पुढे चालतो. नाही मानलं तर साध्या एका गुणाने हरून उठायचं. साहेब दर वेळी उठायचे. प्रोग्राम सांगत होता, की शंभरात पंचवीस वेळा जरी जिंकण्याची आशा असेल तरी उठू नकोस, खेळ.

"पंचवीस!" साहेब म्हणाले. "मी चाळीस असताना उठत होतो. आयुष्यभर."

मग त्यांनी स्वतःला शिकवायला सुरुवात केली. रोज दुपारी दोन डाव. चाल खेळायच्या आधी ओठ हलायचे, ते मनात आकडे मांडत असत. सोंगट्या एकट्या सोडू लागले. दुप्पट मानू लागले. वहीतल्या चुका कमी होत गेल्या. एकदा त्यांनी प्रोग्रामला सलग तीन डाव हरवलं आणि खुर्चीत मागे रेलून हसले. दोन वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघत होते. मला बरं वाटलं. माणूस पन्नाशीनंतरही बदलतो, असं मी घरी आईला सांगितल्याचं आठवतंय.

त्यांच्या खिशातला रुमाल कोरडा राहू लागलाय, हे मला तेव्हा दिसलं होतं. मी त्याचा अर्थ लावला नाही.

तो दिवस आला तेव्हा दुपारची शिफ्ट बदलत होती, त्यामुळे शेडमध्ये नेहमीच्या दुप्पट माणसं होती. मला धरून आठ, साहेबांना धरून नऊ. मी सॅम्पलची बाटली घेऊन आत गेले आणि गार पाण्याच्या पंपाचा आवाज एकाएकी बंद झाला. तो आवाज इतका सवयीचा, की तो थांबल्यावर कानात दडे बसल्यासारखं झालं. वायरमन बाहेर पंपाकडे धावला. आम्ही सगळे काट्याकडे बघायला लागलो.

एकोणपन्नास. एक्कावन्न. चोपन्न.

बाळारामने व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवला. "साहेब, खोलू?"

पंचावन्न.

"थांब," साहेब म्हणाले.

"पंचावन झालं साहेब."

"थांब म्हटलं ना. चढण्याचा वेग कमी होतोय. बघ."

मला वेग वगैरे काही दिसत नव्हतं. सत्तावन्न दिसत होते. भांड्यातून एक बारीक गुरगुर यायला लागली होती, पाणी उकळायच्या आधी येते तशी, आणि पायाखालची जाळी थरथरत होती. मी पळू शकले असते. दार माझ्यापासून दहा पावलांवर होतं. पण ज्या माणसाने मला पळायला शिकवलं तोच पळत नव्हता, म्हणून माझे पाय उचलले नाहीत. अठ्ठावन्न. मी साहेबांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते.

एकोणसाठ. साठ. बाळाराम रडवेला होऊन म्हणाला, "साहेब, पोरं हायेत माझी."

एकसष्ट.

बाहेर पंप धडधडला. काटा एकसष्टवर उभा राहिला. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मग साठ झाले. मग अठ्ठावन्न. बाळारामचे हात चाकावरून सुटले आणि तो तिथेच खाली बसला.

"आलं ना खाली?" साहेब म्हणाले आणि हसले. माझ्या टेबलापाशी हसले होते तसेच. त्या हसण्याने मला जेवढी भीती वाटली तेवढी त्या काट्याने वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मालकांनी पेढे पाठवले. आता साहेब तयार झाले, म्हणाले. साहेबांनी पेढा हातात घेतला आणि तसाच घेऊन माझ्या लॅबमध्ये आले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मी रात्री उठून बसलो," ते म्हणाले. "पंप यायची आशा किती होती, यावर मी काल खेळलो. पंचवीसच्या वर होती. बरीच वर. चाल बरोबर होती." हातातल्या पेढ्याकडे बघत म्हणाले, "तो प्रोग्राम हरला तर पुन्हा सोंगट्या मांडतो. हजार वेळा मांडतो. मी कुणाला मांडणार होतो? बाळारामला? तुला?"

त्यांनी पेढा माझ्या टेबलावर ठेवला.

"आणि थांबायचंच होतं, तर तुम्हा आठ जणांना बाहेर काढून मी एकट्याने थांबायचं. तेवढंही मला सुचलं नाही. तुम्ही तिथे आहात हेच मी विसरलो होतो. मी पट बघत होतो."

त्यांनी माझ्यासमोर त्या फ्लॉप्या मोडल्या. कॉम्प्युटरमधूनही प्रोग्राम काढून टाकायला लावला.

त्या शुक्रवारी एमआयडीसीची आठवड्याची सुट्टी होती. त्या दिवशी साहेब आठ घरं फिरले. आमच्याकडे दुपारी चारला आले. आईला वाटलं, मुलीचे साहेब सहज आलेत. तिने पोहे टाकले. साहेब खुर्चीवर न बसता उभेच राहिले आणि त्यांनी आईला हात जोडले.

"तुमच्या मुलीचा जीव मी मंगळवारी धोक्यात घातला. माफी मागायला आलोय."

"अहो, पण झालं काय?" आई घाबरीघुबरी झाली. "हिने काही सांगितलं नाही."

"झालं काहीच नाही."

"मग?"

"झालं नाही, पण मी होऊ दिलं असतं."

पोहे तसेच राहिले. ते गेल्यावर आई म्हणाली, "उद्यापासून तू तिथे जायचं नाहीस." मी गेले, भांडून गेले. पण त्यानंतर आई रोज संध्याकाळी गॅलरीत उभी राहायला लागली. कुठे टायर फुटला, कुठे ट्रकमधून सिलिंडर आपटला, की हातातलं काम टाकून ती बाहेर धावायची आणि एमआयडीसीच्या दिशेला आकाशात बघायची.

मला साहेबांचा फार राग आला. मी त्यांना तोंडावर म्हटलं, "तुमचं मन हलकं झालं साहेब. माझ्या आईचं ओझं कोण उतरवणार?"

"उतरवू नकोस," ते म्हणाले. "माझी भीती मी घालवून बसलो. ती कुणाकडे तरी असायला हवी."

महिन्याअखेर त्यांनी राजीनामा दिला. मालकांना कळेचना. काही झालेलंच नाही तर राजीनामा कशाचा, असं ते सगळ्यांना विचारत होते.

साहेबांच्या जागी एक तरुण इंजिनियर आला. हुशार होता, भला होता. सात-आठ महिन्यांनी पुन्हा एकदा पंप थांबला. काटा पंचावन्नला आला, आणि इंजिनियर म्हणाला, "एक मिनिट थांब, बाळाराम. मागच्या वेळी एकसष्टवरून खाली आलेलं."

बाळारामने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चाक फिरवलं. सगळा माल टाकीत.

संध्याकाळी त्याला कामावरून कमी केलं. गेटबाहेर मी त्याला गाठलं तेव्हा तो विडी पेटवायचा प्रयत्न करत होता आणि काडी पेटत नव्हती.

"ताई, मी काय करणार?" तो म्हणाला. "साहेब माझे घरी आला. माझे बायकोसमोर हात जोडून उभा रायला. ती मना रोज इचारते, पंचावन झालं तं काय करशील? तिला मी शब्द दिलाय."

मी तशीच ठाकुर्लीला गेले आणि साहेबांना सांगितलं. त्यांनी शेडमध्ये कोण कोण होतं ते विचारलं. मी नावं सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कारखान्यासमोर आले. मी लॅबच्या खिडकीतून बघत होते. रस्त्याच्या पलीकडे ते अर्धा तास उभे होते. दोनदा अर्धा रस्ता ओलांडून मागे फिरले. छपरावरच्या पिशवीकडे बघत, रुमालाने तोंड पुसत. शेवटी आत आले. मालकांची केबिन प्लायवूडची, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"नियम माझा होता," साहेब म्हणत होते. "तो मी मोडला आणि तुम्ही पेढे वाटलेत. त्याने पाळला आणि तुम्ही त्याला घरी बसवलंत. त्याला परत घ्या."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर मी इथे रोज येऊन बसेन. मला इथे यायची किती भीती वाटते ते तुम्हाला माहीत नाही. तरी येईन."

चार दिवस ते खरंच आले. केबिनबाहेरच्या बाकावर डबा घेऊन बसायचे, दर आवाजाला दचकायचे. पाचव्या दिवशी मालकांनी बाळारामला परत घेतलं. गोडाऊनला टाकलं, भांड्यापासून लांब. बाळारामच्या बायकोने साहेबांकडे सुकी मासळी पाठवली, ती त्यांनी शेजाऱ्यांना दिली. ते खात नसत.

दिवाळीत प्लँट बंद ठेवून साफसफाई झाली. फिटरने भांड्यातली ती नळी बाहेर काढली, जिच्या आत तापमान मोजणारा दांडा बसवलेला असतो. नळीवर बोटभर जाडीचा काळा थर बसला होता, दगडासारखा घट्ट. वर्षानुवर्षांचा. फिटर म्हणाला, "मॅडम, या पांघरुणातून काट्याला काय कळणार?"

मी ती नळी आहे तशी लॅबमध्ये आणली. गरम पाण्यात एका बाजूला ती धरली, दुसऱ्या बाजूला चांगला थर्मामीटर. तीनदा करून बघितलं. पाणी तापवत गेलं, की नळीतल्या दांड्याचा काटा दर वेळी बारा-तेरा अंश मागे राहत होता.

मी स्टुलावर बसले. पंचावन्न, सत्तावन्न, साठ, असं आम्ही वाचत होतो तेव्हा आत काय होतं, याचा हिशोब करायला मला कॉम्प्युटर लागला नाही. एवढ्या तापमानाला ते भांडं परत का फिरलं, ते मला तेव्हा सांगता आलं नाही आणि अजूनही येत नाही.

नळी बदलली. मी रजिस्टरमध्ये नोंद केली. पुढच्या वर्षी लग्न होऊन मी ठाण्याला आले आणि ती नोकरी सुटली.

साहेब त्यानंतर अकरा वर्षं होते. ठाकुर्लीला मुलांना गणित शिकवायचे. मी दिवाळीत, कधी मे महिन्यात जाऊन यायची. चहा व्हायचा, आईची चौकशी व्हायची. पट कधी निघाला नाही. पण दर भेटीत, मी चपला घालत असताना, ते दारापर्यंत येत आणि आवाज खाली करून तेच विचारत.

"एकसष्टच होते ना गं? तू बघितलेलंस ना नीट?"

"हो साहेब," मी म्हणायची. "काट्यावर एकसष्टच होते."